भरडा वाढवू नकोस, कास बघ

चि. बंडू,

तुझं पत्र मिळालं, वहीच्या पानांचे फोटोही बघितले. रोजच्या धारेची नोंद ठेवतोयस हे फार छान. तुझ्या बापाने जन्मात गुरांचा हिशेब कागदावर मांडला नाही. आता जरा त्याच वहीकडे परत बघ. ‘सगळ्याच शेळ्या दुधाला उतरल्या’ असं तू लिहिलंस, पण वही तसं म्हणत नाही. संगमनेरी तिघी जिथल्या तिथे आहेत, लिटरच्या मागेपुढे. उतरल्यात दोघीच, सानेनच्या संकरातली पांढरी आणि ती ठिपकेवाली. त्याही एकदम उतरलेल्या नाहीत. पांढरी आधी, ठिपकेवाली तिच्या मागून दहा-बारा दिवसांनी.

चारा कमी पडला असता तर पाचही एका आठवड्यात खाली आल्या असत्या. उन्हाचा तडाखा, जंत, पाण्याची टंचाई यांचंही तेच. ते कळपाला मिळून लागतं. एकीमागून दुसरी गेली, याचा अर्थ काहीतरी एका कासेतून दुसऱ्या कासेत गेलं, आणि तुझ्या गोठ्यात पाचही कासांना रोज दोन वेळा लागणारी वस्तू एकच, तुझा हात. रागावू नकोस. बहुतेक गोठ्यांत असंच होतं.

आणि तो मक्याचा भरडा आधी पहिल्या मापावर आण. दूध उतरलं की खुराक दुप्पट करायचा हा आपल्याकडचा हमखास उपाय, आणि शेळीच्या पोटाला तो सोसत नाही. एकाएकी धान्य वाढलं की पोट आंबतं, रवंथ थांबतो, लेंड्या पातळ होतात आणि दूध आणखी पडतं. मग माणूस म्हणतो, बघा, खुराक देऊनही गुण नाही.

कासेला दगडी, म्हणजे कासदाह, झाला की कुणालाही कळतं. कास तापते, कडक होते, दुधात गाठी येतात, शेळी हात लावू देत नाही. पण कासदाहाचा मोठा भाग असा कधी दिसतच नाही. शेळी खाते, चरते, धार काढताना शांत उभी राहते, दूध पांढरंशुभ्र. फक्त माप कमी. यालाच सुप्त कासदाह म्हणतात, आणि गोठ्याचं नुकसान उघड्या दगडीपेक्षा याच्यामुळे जास्त होतं, कारण तो महिनोन्‌महिने चालतो आणि वैद्याला कुणी बोलावत नाही.

आत काय चालतं ते एकदा नीट समजून घे, म्हणजे भरड्याचा मोह सुटेल. कासेच्या आत द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक फुगे असतात. प्रत्येक फुग्याला आतून पेशींचं अस्तर असतं. बाहेरून रक्त वाहतं, त्यातून या पेशी हवं ते उचलतात आणि दूध बनवून फुग्यात सोडतात. दुधाचं माप कशावर ठरतं, तर मुख्यतः दुधातल्या साखरेवर, लॅक्टोजवर. लॅक्टोज जितकं तयार होईल तितकं पाणी त्याच्यामागे आत खेचलं जातं. आता सडाच्या टोकाच्या भोकातून जंतू वर गेले, की शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी सोडतं. त्या मारामारीत जंतूंच्या विषाने आणि पांढऱ्या पेशींच्याही माऱ्याने ते अस्तर सोलपटून निघतं. लॅक्टोज कमी, म्हणून पाणी कमी, म्हणून दूध कमी. शिवाय पेशींमधले सांधे ढिले पडून रक्तातला क्षार दुधात झिरपतो. म्हातारी माणसं दूध जिभेला लावून ‘खारं लागतंय’ म्हणायची ते याचमुळे. (तू चव बघायची तर उकळून, गार करून बघ. कच्चं नाही. त्याचं कारण पुढे सांगते.) मेलेल्या अस्तराच्या जागी तंतू भरले की तो भाग त्या वेतात तरी दूध देत नाही, मग सरकी घाल नाहीतर बदाम घाल. पनीर करणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. अशा दुधातली प्रथिनं आधीच तुटलेली असतात, तेवढ्याच दुधाचं पनीर कमी पडतं. तुझा तो नाशिकचा हॉटेलवाला ‘पूर्वीसारखा उतारा नाही’ म्हणाला ना, त्याला खोटं समजू नकोस.

आता करायचं काय. उद्या सकाळच्या धारेच्या वेळी काळी फरशी घे, नाहीतर काळ्या रंगाचं ताट. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन पिळा त्यावर मार. जमिनीवर नको, चरवीत तर नकोच. काळ्यावर पांढरं ठळक उठतं. कणी, दोरा, पाणचट कडा, सगळं दिसेल. मग पूर्ण धार काढ आणि कास रिकामी झाल्यावर दोन्ही हातांनी दोन्ही भाग एकाच वेळी धर. गाईला चार सड, शेळीला दोनच, त्यामुळे एक भाग दुसऱ्याशी ताडून बघायची सोय निसर्गानेच केलेली आहे. रिकामी निरोगी कास मऊ लागते, चामडी बोटात गोळा होते. एका बाजूला सुपारीएवढी गाठ, सडाच्या वरच्या अंगाला कडकपणा, एका बाजूला जरा जास्त ऊब, यातलं काही असलं तर हाताला कळतंच. डोळ्यांवर भिस्त ठेवू नकोस. भरलेली कास दोन्हीकडे सारखीच दिसते.

त्यानंतर साबणाची परीक्षा. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळव. दोन पांढऱ्या वाट्या घे, एकीत डाव्या सडाचं दूध, दुसरीत उजव्याचं, आणि तेवढंच ते पाणी घालून वाटी गोल फिरव. साबण पांढऱ्या पेशी फोडतो, त्यांच्यातला डीएनए मोकळा होतो आणि मिश्रण चिकट होऊन ताणलं जातं. अमेरिकेत शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी १९५७ मध्ये ‘कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट’ म्हणून जी चाचणी आणली तिचं मर्म हेच. दवाखान्यात जांभळं औषध आणि चार खळग्यांचं पांढरं ताटलं असतं, ते मिळालं तर उत्तमच.

इथे एक मेख आहे आणि ती गाईवरून शेळीवर आलेल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. धडधाकट शेळीच्या दुधातही गाईपेक्षा पेशी जास्त असतात. दूध सोडताना शेळीच्या कासेतल्या पेशी स्वतःचे बारीक तुकडेही दुधात टाकतात आणि मोजणारं यंत्र कधी कधी त्यांनाच पेशी समजतं. वेताच्या शेवटी आणि माजावर आल्यावर आकडा आणखी चढतो. म्हणूनच अमेरिकेत विक्रीच्या गाईच्या दुधाला मिलिलिटरमागे साडेसात लाख पेशींची मर्यादा आहे आणि शेळीच्या दुधाला १५ लाखांची. तेव्हा दोन्ही वाट्या किंचित घट्ट झाल्या तर घाबरून औषधं भरू नकोस. एक वाटी पातळ आणि दुसरी चिकट, तर मात्र ती बाजू लागलेली आहे असं धरून चाल.

ठिपकेवालीच्या करडाच्या ओठांवर खपल्या आल्यात असं तू शेवटी, सहज म्हणून, लिहिलंस. खरं तर पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. तो बहुधा मावा आहे. मावा विषाणूचा, पण करडू त्याच तोंडाने लुचतं आणि आईच्या सडावर फोड उठतात. फोड फुटला की त्या जखमेत स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू मुक्कामाला येतो. तिथून सडाचं भोक किती लांब! हा जंतू या आजारातला खरा दांडगट. त्याचे कातडीवर राहणारे सौम्य भाऊबंद पुष्कळ आहेत आणि सुप्त कासदाह जास्त करून त्यांचाच, पण ऑरियस आत बसला की पेशींच्या आत दडतो, बारीक गळवं करून राहतो, औषध तिथवर पोचत नाही. मावा माणसाच्या हातालाही होतो, म्हणून करडाच्या तोंडाला औषध लावताना हातमोजे घाल.

ऑरियसचं सगळ्यात वाईट रूप मी नोकरीत असताना अकोल्याच्या डोंगराकडच्या एका वस्तीवर पाहिलं. पहिलटकरीण, व्यायल्याला आठवडा झालेला. घरधनी सांगत होता की आदल्या संध्याकाळी जरा लंगडली एवढंच. पोचले तर शेळी डावा मागचा पाय लांब टाकून उभी, मान खाली, कान गार. डाव्या भागाला हात लावला तर तोही गार. तापलेली कास मी शंभरदा पाहिली होती. गार कास पाहिली की पोटात गोळा येतो. चामडी जांभळी-निळी, आणि निरोगी भागाशी तिची हद्द खडूने आखल्यासारखी स्पष्ट. सड पिळला तर लालसर पाणी आणि बुडबुडे. जंतूच्या विषाने तिथला रक्तपुरवठाच बंद पडलेला असतो, तो भाग जिवंतपणी मेलेला असतो. अशा वेळी धडपड असते ती शेळीचा जीव वाचवायची, दुधाचा विचार सोडून द्यायचा. शिरेतून सलाईन, प्रतिजैविक, सूज आणि वेदना उतरवणारं इंजेक्शन, सगळं त्याच दिवशी दिलं. शेळी वाचली. पुढच्या काही आठवड्यांत तो भाग सुकून गळून पडला, घाण वास सुटायचा, माश्या बसू नयेत म्हणून घरची म्हातारी दिवसभर कडुलिंबाची डहाळी घेऊन बसायची. पुढच्या वेताला तिने उरलेल्या एका सडावर एक करडू वाढवलं. अशी सगळ्याच वाचत नाहीत. गार आणि निळं दिसलं तर मला पत्र लिहीत बसू नकोस, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लाव आणि त्याच पावली डॉक्टर गाठ.

हळद, कोरफड आणि चुन्याचा लेप लावू का, असं तू विचारलंस. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळही गाई-म्हशींसाठी तो सुचवतं. नुसती सूज असेल तर डॉक्टरी इलाजाच्या जोडीला खुशाल लाव. लेप लावून चार दिवस वाट बघायची, हे मात्र मला पसंत नाही.

आधी नमुना, मग औषध. उलटं केलंस तर प्रयोगशाळेत जंतू वाढत नाही आणि आपण अंधारात तीर मारत बसतो. सड स्पिरिटच्या बोळ्याने पूस, सुकू दे, पहिल्या पिळा फेकून दे, निर्जंतुक बाटली आडवी धरून पाच-दहा मिलिलिटर घे. बाटलीच्या तोंडाला सड टेकवू नकोस, कासेवरचे केस किंवा मातीही पडू देऊ नकोस. बर्फात ठेवून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दे, तिथे झालं नाही तर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातं. कुठलं औषध लागू पडेल ते तिथून कळतं. सडात सोडायच्या नळ्या गाईसाठी बनवलेल्या असतात. एक नळी अर्धी अर्धी करून दोन सडांत घालायची काटकसर पुष्कळ जण करतात, म्हणजे लागलेल्या सडाचे जंतू चांगल्यात नेऊन पोचवतात. शेळीच्या सडाचं भोक अरुंद असतं, नळीचं टोक पूर्ण आत खुपसायचं नाही, जेमतेम तोंडाशी टेकवायचं. आणि औषध चालू असताना, त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, ते दूध विकायचं नाही. पाकिटावर लिहिलेले दिवस गाईचे असतात, शेळीला डॉक्टर ते वाढवून देतात. असं दूध घरात आलं तर तुझ्या आईला लगेच कळेल, दही लागणार नाही.

हाताची एक सवय मात्र आजपासून मोड. तुझा धार काढतानाचा व्हिडिओ मी पाहिला. अंगठा आत दुमडून, त्याच्या पेरावर सड घासत ओढतोस. त्याने सडाच्या आतलं अस्तर दुखावतं. शेळीचा सड मुठीत मावतो, वरची दोन बोटं आवळून दूध अडव आणि मग खालची बोटं एकेक मिटत ने, ओढायचं नाही. दुसरं, दर शेळीआधी चरवीत बोट बुडवून सड ओला करतोस. पांढरीचं ठिपकेवालीला गेलं ते बहुधा असंच. कोरडा हात, प्रत्येकीला वेगळं फडकं, आणि क्रम असा: आधी पहिलटकरणी, मग निरोगी, लागलेल्या दोघी शेवटी. धार झाल्यावर सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावात बुडव. त्यानंतर अर्धा तास तरी सडाचं भोक पुरतं मिटलेलं नसतं, तेवढ्यात शेळी लेंड्या-मुतात बसली की झालं. म्हणून धार झाल्या झाल्या गव्हाणीत हिरवा चारा टाक, म्हणजे उभ्या राहतील.

आता तुझ्या डेंग्यूच्या गिऱ्हाइकांकडे येते. पावसाळ्यात शेळीच्या दुधाला दुप्पट-तिप्पट भाव येतो. प्लेटलेट वाढतात म्हणून लोक ते कच्चंच मागतात, आणि तू देतोस. प्लेटलेट त्याने वाढतात याला आधार नाही, पण ते बाजूला ठेव. कच्चं का नको, त्यासाठी तुला माल्टाची गोष्ट सांगते.

भूमध्य समुद्रातलं हे बेट तेव्हा ब्रिटिशांकडे होतं. गवळी शेळ्यांचा कळप हाकत गल्लीत यायचे आणि दारासमोर धार काढून द्यायचे. यापेक्षा ताजं आणि बिनभेसळीचं दूध कुठलं! पण तिथल्या ब्रिटिश शिपायांना एक ताप धरायचा, महिनोन्‌महिने उतरायचा-चढायचा, सांधे धरायचे, माणूस खंगायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला १८८७ मध्ये त्याचा जंतू सापडला, पुढे त्याच्याच नावावरून ब्रुसेला म्हणू लागले. जंतू सापडला, पण तो येतो कुठून ते सतरा-अठरा वर्षं कळेना. १९०४ मध्ये त्यासाठी आयोग बसला. धूळ, डास, गटारं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेळ्यांवर कुणाचाच नाही, कारण त्या ठणठणीत दिसत होत्या.

आयोगात थेमिस्टोक्लीस झामिट नावाचा माल्टाचाच डॉक्टर होता. १९०५ मध्ये जंतू टोचून बघायला म्हणून त्याने शेळ्या आणल्या आणि टोचण्याआधी सहज त्यांचं रक्त तपासलं. बहुतेकींच्या रक्तात तापाची खूण आधीच हजर! मग दूध तपासलं, त्यात जिवंत जंतू. बेटावरच्या दहातल्या एका शेळीच्या दुधातून ते बाहेर पडत होते, तेही दुधाच्या रंगारूपात काहीच फरक नसताना. त्याच वर्षी माल्टाच्या शेळ्यांचा एक कळप जोशुआ निकोल्सन या बोटीने अमेरिकेला निघाला होता. वाटेत खलाशी आवडीने दूध प्यायले आणि बरेच जण त्याच तापाने अंथरुणाला खिळले. १९०६ मध्ये लष्कराने छावणीत शेळीचं दूध बंद करून डब्यातलं सुरू केलं आणि शिपायांचा ताप झपाट्याने ओसरला. बेटावरचे लोक मात्र दारातलं ताजं दूध पीतच राहिले आणि आजारी पडतच राहिले. पाश्चरीकरण यायला तिथे आणखी तीसेक वर्षं गेली.

तो जंतू आपल्याकडेही आहे. शेळीत तो मुख्यतः गाभ पाडतो, बहुतेक चौथ्या-पाचव्या महिन्यात, आणि मग त्या वेताचं दूध गेलंच म्हणून समज. पण सगळ्याच काही गाभडत नाहीत. काही वेळेवर वितात, दिसायला छान, आणि दुधातून जंतू सोडत राहतात. दूध चांगलं उकळलं की तो मरतो, एवढं सोपं आहे ते. म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं, उकळूनच प्या, आणि जो ऐकत नाही त्याला विकायचं नाही. भाव गेला तर गेला. कळपात कुणी गाभडली तर ते पिल्लू आणि वार उघड्या हाताने उचलू नकोस, कुत्र्यांना तर मुळीच देऊ नकोस, चुना टाकून खोल पूर आणि शेळीचं रक्त तपासून घे. आईलाही सांगून ठेव, वार काढायला ती हातमोज्यांशिवाय पुढे होते, मला माहीत आहे.

पांढरीचं मी मनात गृहीत धरून ठेवलंय. नमुन्यात ऑरियस निघाला आणि गाठ असलीच, तर या वेतात तिच्यामागे फार पैसे घालू नकोस. ती गाभण आहे ना? विण्याआधी दोन महिने तिला आटव. खुराक तोड, धार बंद कर, आणि त्या शेवटच्या धारेनंतर डॉक्टरांकडून सडात आटवणीचं औषध सोडून घे. भाकड काळात औषध आत टिकून राहतं, तेव्हाच काय तो गुण यायचा. त्यानेही नाही सुटलं तर विकून टाक. जीव लागलाय हे कळतं मला, पण तिच्यापायी उरलेल्या चौघी जातील. विकताना घेणाऱ्याला खरं सांग आणि धारेसाठी विकू नकोस.

नवा बोकड घेतोयस असं भाऊ फोनवर म्हणाला. पैसे देण्याआधी त्याच्या रक्ताची रोझ बंगाल चाचणी करून घे, बोकडाकडूनही ब्रुसेला येतो. विकणारा कुरकुर करेल, करू दे. आणून लगेच कळपात सोडू नकोस, तीन-चार आठवडे वेगळा बांध. नमुन्याच्या बाटल्या मी इथून एसटीने तुझ्या मामाबरोबर पाठवते आहे, दहा आहेत. प्रत्येकीवर शेळीचं नाव, डावा की उजवा आणि तारीख तेलकट पेन्सिलने लिही, शाई बर्फात पुसते. नमुने सोमवारी सकाळी काढ, म्हणजे आठवडाभर प्रयोगशाळा उघडी मिळेल, शनिवारी नको. अहवाल आला की फोटो पाठव. आईला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या